औषधाच्या कपाटातला सुगंध

पुण्याच्या माणसाला सुगंधाचे वावडे आहे असे कोणी म्हटले तर तो त्याच्यावर अन्याय होईल. पण सुगंधाच्या बाबतीत पुणेकर फार हिशेबी आहे, एवढे म्हणायला काही हरकत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे तो अंगाला उटणे चोळून घेतो आणि मोती साबणाची नवी वडी काढतो. गणपतीपुढे केवड्याचे पान ठेवतो. लग्नाला गेला की दाराशी उभ्या असलेल्या पोरासमोर मूठ उलटी करून अत्तराचे बोट लावून घेतो, आणि ती मूठ दिवसभर अधूनमधून नाकाशी नेतो. चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरातल्या बायकांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडले जाते. एवढे झाले की घराचे सुगंधाचे वार्षिक अंदाजपत्रक संपले!

या अंदाजपत्रकातली खाती जरा नीट पाहा. एक खाते देवाचे, एक पाहुण्यांचे, एक लग्नकार्याचे आणि एक सणाचे. स्वतःचे असे खातेच नाही. साध्या मंगळवारी, कचेरीला किंवा शाळेला जाताना, कोणी मानेला सुगंध लावून जिना उतरू लागला की खालच्या मजल्यावरून हटकून प्रश्न येणार, “काय, आज कुणीकडे स्वारी?” कुठेही स्वारी नसताना, नुसते स्वतःला बरे वाटावे म्हणून कोणी सुगंध लावते, ही गोष्ट आमच्या पेठांना बरीच वर्षे पटत नव्हती.

आज मी लिहिणार आहे ते अशा रोजच्या सुगंधाविषयी. त्यात लिंबा-संत्र्याच्या सालीचा ताजेपणा असतो, संत्र्याच्या फुलाचा हलका गोडवा असतो, आणि तो घटका-दोन घटका सोबत करून मुकाट्याने निघून जातो. असा सुगंध आमच्या घरांत कधी आलाच नाही असे समजू नका. तो आला होता आणि चांगला दोन-तीन पिढ्या राहिलाही. फक्त तो आरशापाशी नव्हता. त्याची जागा औषधाच्या कपाटात होती.

तापाच्या घड्या

ज्यांचे बालपण माझ्यासारखे पन्नास-साठ वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी गेले, त्यांना मी कशाविषयी बोलते आहे ते लगेच कळले असेल. कोलनवॉटर! कोणी त्याला युडीकोलन म्हणत. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात माजघराच्या भिंतीत एक कपाट होते. त्यात अमृतांजनाची डबी, टिंक्चर आयोडीन, एरंडेल, ओव्याचा अर्क आणि सहाणेवर उगाळायची बाळगुटी यांच्या रांगेत एक उंच, निमुळती बाटली उभी असे. घरात कोणाला ताप चढला की ती खाली येई. वाडग्यात गार पाणी घ्यायचे, त्यात या बाटलीतले चार थेंब टाकायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याची घडी भिजवून कपाळावर ठेवायची, आणि गरम झाली की बदलायची. तापातल्या अर्धवट झोपेत येणारा तो लिंबासारखा, फुलासारखा, स्वच्छ वास! आजारपण संपले की तो वासही कपाटात बंद होई. आमच्यापैकी कित्येकांनी सुगंधी द्रव्य म्हणून पहिली ओळख करून घेतली ती अशी, १०२ अंश ताप असताना.

या बाटलीची मूळ कथा मोठी मजेची आहे. योहान मारिया फारिना नावाचा एक इटालियन तरुण जर्मनीतल्या कोलोन शहरात येऊन राहिला. १७०८ साली त्याने आपल्या भावाला पत्र लिहून कळवले की, आपण असा एक सुगंध तयार केला आहे की ज्याने इटलीतल्या वसंतातल्या, पाऊस पडून गेल्यानंतरच्या सकाळची आठवण व्हावी. पुढल्याच वर्षी, १७०९ मध्ये, त्या घराण्याची पेढी कोलोनमध्ये सुरू झाली. आपल्या नव्या गावाच्या मानार्थ त्याने सुगंधाला नाव दिले ते ‘कोलोनचे पाणी’, म्हणजे फ्रेंच भाषेत ‘ओ द कोलोन’. त्या ‘ओ द कोलोन’चे पुण्याला येईपर्यंत युडीकोलन झाले, इतकेच.

त्या काळी युरोपातले श्रीमंत लोक कस्तुरीसारखे जड, अंगावर येणारे वास वापरीत. फारिनाने बर्गमॉट नावाच्या इटालियन लिंबवर्गीय फळाच्या सालीचे तेल, लिंबू, संत्रे, आणि कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क, असा हलका मेळ शुद्ध मद्यार्कात घातला. लोकांना तो वास नवा वाटला. पुढे १७९२ पासून कोलोनमध्येच म्यूलहेन्स घराण्याने आपले पाणी करायला घेतले. फ्रेंच फौजांनी गाव ताब्यात घेतले त्या सुमारास घरांना क्रमांक दिले गेले, तेव्हा त्यांच्या घराला मिळालेला ४७११ हा आकडाच पुढे त्या बाटलीचे नाव झाला. निळ्या-सोनेरी चिठ्ठीची ती बाटली आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेली आहे. खुद्द नेपोलियन हे पाणी सढळ हाताने वापरीत असे.

आता गंमत पाहा. युरोपात प्रारंभी हे पाणी औषध म्हणूनही खपे. लोक ते साखरेवर किंवा द्राक्षासवात घालून पीतसुद्धा. १८१० साली नेपोलियनच्या सरकारने हुकूम काढला की, गुप्त औषधे विकणाऱ्यांनी आपापल्या कृती सरकारला कळवाव्यात. कृती सांगायची कोणाची तयारी? व्यापाऱ्यांनी झटकन जाहीर केले की आमचे पाणी औषध नव्हेच, ते फक्त अंगाला लावण्याचे आहे. अशा रीतीने तिकडे औषधाचे सुगंधी पाणी झाले. आणि आपल्याकडे येताच त्याच सुगंधी पाण्याचे पुन्हा औषध झाले! मद्यार्क झपाट्याने उडतो आणि उडताना कातडीतली उष्णता घेऊन जातो, त्यामुळे कपाळाला गार वाटे हे खरे. पण ताप उतरवण्याचे काम बरेचसे साध्या पाण्याच्या घडीचेच होते. सुगंधाने काय होत असेल ते एवढेच की, आजारी माणसाला जरा बरे वाटे. त्या ‘जरा बरे वाटण्या’साठी आमच्या घरांना आजारपणाचे निमित्त लागे.

सर्वोच्च न्यायालयातली बाटली

या निरुपद्रवी बाटलीवर एकदा मोठाच प्रसंग आला होता. त्या वेळच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुण्यातही, १९४९ चा दारूबंदीचा कायदा लागू झाला. त्यात मद्याची व्याख्या इतकी विस्तृत होती की, ज्या द्रवात मद्यार्क आहे तो प्रत्येक द्रव तिच्या कक्षेत यावा. आणि कोलनवॉटर म्हणजे तर बहुतेक सगळा मद्यार्कच! तेव्हा देशी-विदेशी दारूच्या पंक्तीला आमची तापाची बाटलीही जाऊन बसली.

एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. आपल्याला जे पदार्थ बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क हवा आहे त्यांच्या यादीत त्यांनी व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर युडीकोलनचाही उल्लेख केला होता. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयातून दिल्लीला गेले, आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदीचा मुख्य भाग त्यांनी कायम ठेवला. परंतु मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधनाची द्रव्ये बाळगण्यास व वापरण्यास बंदी करणारा भाग घटनेशी विसंगत म्हणून रद्द ठरवला. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. आम्हाला त्यातले एवढेच कळते की, कोलनवॉटर जवळ बाळगण्याचा नागरिकाचा हक्क देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केला. आमच्या वाड्यातले न्यायासन मात्र त्याहून कडक होते, आणि तिथले खटले कुठल्याही पुस्तकात छापलेले नाहीत. त्यांपैकी एक मी स्वतः पाहिला आहे.

आत्याची डोकेदुखी

माझी थोरली आत्या आमच्याकडेच असे. एकोणिसाव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले. पुढे ती शिकली, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि स्वतःच्या पगारातून घराला हातभारही लावू लागली. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हापासून पुण्यात विधवेने शिकणे, कमावणे या गोष्टी हळूहळू रुळत गेल्या होत्या. पण शिक्षणाला परवानगी मिळाली म्हणून गजऱ्याला परवानगी मिळाली असे नव्हते. आत्याने फूल माळायचे नाही, रंगीत काठ जपून निवडायचे, अत्तरगुलाबाच्या वेळी आपण होऊन आत निघून जायचे, हे कोणी तिला सांगत नसे. तिने ते कधीच पाठ केले होते.

आत्याला एक व्याधी होती. तिचे डोके दुखे. रोज सकाळी पावणेअकराला, शाळेला निघायच्या अगोदर, ती औषधाच्या कपाटाशी जाई आणि कोलनवॉटरचे दोन थेंब रुमालाच्या कोपऱ्यावर टाकून घेई. आजी देवघरातून विचारी, “काय गं, पुन्हा डोकं?”

“हो, जरा ठणकतंय,” असे म्हणून आत्या रुमाल कमरेला खोचून बाहेर पडे.

रविवारी तिचे डोके कधी दुखत नसे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतही नाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला वाटे, आत्याच्या शाळेतल्या मुली फार गोंगाट करीत असतील. माझ्या आईला मात्र या व्याधीचे निदान बरोबर झालेले असावे. कारण महिन्याच्या यादीत ती कोलनवॉटरची बाटली न चुकता लिही, आणि वाण्याच्या यादीत नव्हे, औषधांच्या यादीत लिही. त्या काळी ती काही स्वस्त वस्तू नव्हती. वडिलांनी एकदा विचारले, “आपल्याकडे एवढा ताप कुणाला येतो?” आई म्हणाली, “वन्संचं डोकं दुखतं ना!” आणि विषय संपला.

एका चैत्रातले हळदीकुंकू मला चांगले आठवते. ओसरीवर गौर मांडलेली, पन्ह्याची भांडी भरलेली, वाड्यातल्या आणि ओळखीच्या बायकांनी दिवाणखाना फुललेला. गुलाबदाणी माझ्या हातात होती. सगळ्यांवर शिंपडून झाले आणि मी तशीच नाचत स्वयंपाकघरात गेले. आत्या तिथे पाट्यापाशी बसून आंब्याची डाळ वाटत होती. मी तिच्या अंगावर गुलाबदाणी झटकली. आजी दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून माझा हात वरच्या वर राहिला. आत्या काही बोलली नाही. तिने फक्त पदराने गाल टिपला.

इतक्यात आई मागून आली आणि अगदी सहज म्हणाली, “शिंपडू दे हो. केवढा उकाडा आहे! वन्संना घेरीबिरी यायची.”

उकाडा हे कारण आजीला चालले. मी आणखी दोनदा गुलाबदाणी झटकली. आत्याने डोळे मिटून घेतले होते, ते थोडा वेळ तसेच ठेवले.

पुढे १९७२ साली मला नोकरी लागली. पहिल्या पगारातून मी आईला पातळ घेतले आणि आत्याला कोलनवॉटरची मोठी बाटली. बाटली तिच्या हातात देऊन म्हटले, “आत्या, ही डोकेदुखीसाठी नाही हं.”

“मग कशासाठी?”

“तुझ्यासाठी.”

तिने बाटली उलटसुलट करून पाहिली. “ठेव कपाटात,” म्हणाली. मी दोन पावले गेले असेन, तेवढ्यात तिने हाक मारली. “कपाटात नको. इथं खिडकीत ठेव, माझ्या पुस्तकांपाशी.”

आजी तेव्हा नव्हती. आत्याचे डोके त्यानंतर दुखल्याचे मी ऐकले नाही. रुमालावरचे दोन थेंब मात्र चालू राहिले, आणि रविवारीही!

पुण्यातले गंधशास्त्र

हे सगळे असे का व्हावे? आपल्या परंपरेत स्वतःसाठी सुगंध ही कल्पनाच नव्हती, असे कोणाला वाटेल. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ग्रहताऱ्यांबरोबर गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा सुगंधी द्रव्ये घेऊन, त्यांतली चार-चार निवडून कमीअधिक भागांत मिसळली तर १,७४,७२० निरनिराळे सुगंध होतात, असा हिशेबही त्याने मांडून ठेवला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात स्नान, उटी, धूप यांना राजाच्या उपभोगांत मानाचे स्थान आहे.

आणि हा ठेवा पुन्हा उजेडात आणण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे हे १९१९ पासून अनेक वर्षे तिथल्या हस्तलिखितांत बुडालेले होते. त्यांनी भारतीय सुगंधी द्रव्यांच्या आणि प्रसाधनांच्या इतिहासावर लेखामागून लेख लिहिले. १९४० च्या दशकात त्यांनी गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा ‘गंधसार’ आणि त्याच्या जोडीचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. ‘गंधवादा’वर तर चक्क मराठी टीका आहे! म्हणजे काही शतकांपूर्वी सुगंध कसा करावा हे कोणीतरी मराठीतून समजावून सांगत होते. ‘गंधसारा’त भावना, पाचन, धूपन, वासन अशा प्रक्रिया दिल्या आहेत. मुखवास, स्नानाची द्रव्ये आणि सुगंधी पाणी यांच्या कृती आहेत. सुगंधी पाणी ही काही फारिनाचीच मिरास नव्हे, एवढे यावरून कळते.

लिंबू-फुलाचा मेळही आपल्याला परका नाही. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात म्हाळुंगाचे फळ आहे. ते लिंबाच्याच कुळातले. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या कुंपणाला कुंती लावलेली असते, तिलाच कोणी कामिनी म्हणतात. चांगली सर पडून गेली की चार दिवसांत ती पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि संध्याकाळी सगळी गल्ली दरवळते. ही कुंतीही लिंबाच्या कुळातलीच. म्हणूनच तिचा वास संत्र्याच्या फुलाच्या इतका जवळ जातो. आपला कढीपत्ता, कवठ आणि महादेवाचा बेल हे सगळे याच कुळातले. इटलीतला जो वास फारिनाला आठवला, त्याची सख्खी-चुलत भावंडे आपल्या परसात आणि फोडणीत आहेत.

तेव्हा विद्या होती, वनस्पतीही होत्या. अडले होते ते एवढ्यावरच की, सुगंध कोणी लावावा आणि कशासाठी, हे दुसऱ्यांनी ठरवायचे. आमच्या आत्यासारख्या कित्येकींना त्या निर्णयाला औषधाची चिठ्ठी जोडावी लागली.

हलका वास लवकर का उडतो?

आता थोडे व्यवहाराचे बोलू. माझी नात तक्रार करते, “आजी, या लिंबाच्या वासाचं सेंट टिकतच नाही!” तिला मी सांगते ते तुम्हालाही सांगते. लिंबू-संत्र्याच्या सालीतले मुख्य द्रव्य लिमोनीन. त्याचे रेणू लहान आणि हलके, म्हणून ते झटपट हवेत जातात आणि नाकाला आधी भेटतात. फुलांचे वास मधल्या वेळेचे. चंदनासारख्या द्रव्यांचे रेणू जड, म्हणून ते तासन् तास रेंगाळतात. कनौजच्या अत्तरवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे. ते तांब्याच्या डेगेत फुले शिजवून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनतेलात उतरवतात, म्हणून अत्तराचा फाया दुसऱ्या दिवशीही बोलतो. कोलनमध्ये सुगंधी तेले साधारणपणे शंभरात दोन ते पाच भागच असतात. बाकी मद्यार्क आणि पाणी. त्याच्यावरच्या प्रकारात, ओ द त्वालेतमध्ये, पाच ते पंधरा आणि ओ द पार्फममध्ये पंधरा ते वीस. बाटलीवरचे हे शब्द वाचायला शिकलात की दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबावे लागणार नाही.

संत्र्याच्या फुलांचा अस्सल अर्क महाग असतो, तेही साहजिक आहे. एक किलो तेलाला सुमारे एक टन फुले लागतात. म्हणून बहुतेक बाटल्यांत प्रयोगशाळेत तयार केलेली द्रव्ये असतात आणि त्यात काही कमीपणा नाही. सुगंधाच्या उद्योगात मराठी माणूस मागे आहे असेही समजू नका. १९२२ मध्ये मुंबईत सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी साबण-प्रसाधनांना लागणारे सुगंध बनवीत आली आहे, आणि मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा अभ्यासक्रमही चालत आला आहे.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा. दुकानात बाटली हुंगून लगेच पैसे देऊ नका. मनगटावर थेंब लावून लक्ष्मी रस्त्यावरून एक चक्कर मारून या. अर्ध्या तासाने जो वास उरेल तोच तुमच्याबरोबर राहणार असतो. मनगटावर मनगट खसाखसा घासू नका. लावायचा तो आंघोळीनंतर, अंग कोरडे करून, मानेच्या मागे आणि कोपराच्या आतल्या बाजूला. वास फार वेळ हवा असेल तर रुमालावर किंवा सुती कपड्याच्या अस्तरावर दोन थेंब टाका. मात्र पैठणीवर आणि मोत्यांवर कधीही नाही, मद्यार्काने दोन्ही खराब होतात. बर्गमॉटचे किंवा लिंबाच्या सालीचे नुसते तेल कातडीला लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या काही द्रव्यांनी उन्हात कातडीवर काळसर डाग पडतात आणि ते बरेच दिवस जात नाहीत. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी जपून वापरावा. बसमध्ये, वर्गात किंवा रुग्णाच्या खोलीत आपला वास हातभरापलीकडे जाऊ नये, एवढा विवेक प्रत्येकाने ठेवावा. हलक्या सुगंधाचे हेच तर वैशिष्ट्य आहे.

बाटली गार, अंधाऱ्या जागी ठेवावी. ऊन आणि हवा लागून लिंबवर्गीय तेले लवकर बिघडतात. आत्याच्या खिडकीत दुपारी चांगले ऊन येई. पण त्या बाटलीच्या बाबतीत मी हा नियम कधी काढला नाही, आणि बिघडण्याइतके दिवस ती बाटली उरलीही नाही.

दिवाळीपुरती आणखी एक सूचना. मद्यार्क चटकन पेट घेतो. तेव्हा पणत्या, फुलबाज्या किंवा औक्षणाचे निरांजन जवळ असताना सुगंधाचा फवारा मारू नका. आधी सुगंध, मग कपडे, मग दिवे, असा क्रम ठेवा.

अभ्यंगस्नानाचे उटणे घरी आणाल तेव्हा त्याच्या पुडीवरचे घटक जरा वाचा. नागरमोथा, वाळा, आंबेहळद यांच्याबरोबर बहुतेक पुड्यांत संत्र्याची वाळलेली साल आणि गुलाबाच्या पाकळ्या आढळतील. म्हणजे लिंबवर्गीय फळ आणि फूल यांचा तोच मेळ! वर्षातून एकदा, पहाटेच्या अंधारात, तो आपण घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या अंगाला लावतो. त्या वेळी कोणी कोणाला विचारीत नाही की, तुला काय होतंय, आज कुणीकडे जायचंय, तुला हे शोभतं का.

पाडवा झाला, भाऊबीज झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, की पुढल्या सोमवारी पुन्हा कचेऱ्या आणि शाळा सुरू होतील. त्या सोमवारी तुमच्या घरातल्या कोणी, मग ती सून असो, सासू असो, की नुकतेच निवृत्त झालेले वडील असोत, सहज दोन थेंब मानेला लावले, तर कृपा करून कारण विचारू नका. वास चांगला आहे, एवढेच म्हणा.